छोट्या गाडीच्या फलाटावरची बचतीची शाळा

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. चार म्हातारे एका बाकावर बसवा, ते आपसूक साचतात! आमचा बाक मूर्तिजापूरला, नॅरोगेजच्या छोट्या गाडीच्या फलाटावर. गाडी बंद पडली, आम्ही चालूच राहिलो. गावंडे गुरुजी रिटायर झाले आणि तिथं रोज संध्याकाळी मोबाईलवर बचतीचे फुकटचे व्हिडिओ लावू लागले. मी सातवी नापास, पण या शाळेत कायम पहिल्या बाकावर. बाकच एक होता ना!

*

पहिल्याच व्हिडिओतली पोरगी म्हणाली, "पंचविशीतच बचत सुरू करा."

मी हात वर केला. "गुरुजी, माही पंचविशी इथूनच गाडीत बसून गेली. वापस येते काय?"

गुरुजी म्हणाले, "तवा तिकीट तरी काढलं होतं काय बे?"

*

मग महागाईचा धडा. "पेटीतला पैसा दरवर्षी कमी होत जाते," गुरुजी म्हणाले. आमचा शेषराव, कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झालेला, घाबरलाच. रोज सकाळी पेटी उघडून नोटा पाहे.

"गुरुजी, एकबी कमी नाही झाली!"

मी म्हटलं, "कुलूप मजबूत असन!"

*

"सगळा पैसा एकाच जागी ठेवू नोका," हा धडाही शेषरावनं मनावर घेतला. घरातच पाच जागा केल्या! तुरीची कोठी, देवघर, जुना रेडिओ, गव्हाचा डबा... पाचवी आठवेचना. त्याच्या बायकोनं, कुसुमवहिनीनं, सारं घर उलथंपालथं केलं. शेवटी अकोल्याहून लेकीचा फोन आला. तिला पांघरायला दिलेल्या वाकळीतून नोटा निघाल्या होत्या.

वहिनी म्हणाली, "नशीब, वाकळच देली. तुमालेच देऊन टाकणार होती मी!"

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला हाताला धरून बँकेत नेलं.

*

गुरुजी गेले तेव्हा बाक एकदम लांब वाटायला लागला. त्याच उन्हाळ्यात शेषरावचा साळा एका टायवाल्याला घरी घेऊन आला. सोबत पेढ्यांचा डबा. "जिजाजी, दोन वर्षांत दुप्पट!" शेषरावचा जन्मभराचा फंड बँकेत होता. तो सगळाच्या सगळा काढून यांच्या स्कीममध्ये टाकायचा. कागद समोर, पेन शेषरावच्या हातात. मी शेजारीच बसलेलो. जन्मभर सगळ्यांची खेचली, पण त्या घडीला नुसता डब्यातले पेढे मोजत बसलो.

वहिनी चहा घेऊन आली. कप ठेवले आणि टायवाल्याच्या समोरच बसली.

"भाऊ, आई हाये काय तुमची?"

"हाये ना. अमरावतीले असते."

"तिचे किती टाकले तुमी याच्यात?"

टायवाला चहाच्या कपात पाहत राहिला. साळा भिंतीकडे. शेषरावनं हळूच पेनाला टोपण लावलं.

मग टायवाल्यानं कागद गोळा केले, बॅग उचलली, चप्पल घातली. वहिनी फाटकापर्यंत मागे गेली.

"भाऊ, पेढे राहिले तुमचे. घेऊन जा. आईले द्या."