आक्काचा अर्धा दगड

आक्का गेल्याची तार राहात्याच्या शाळेत आली तेव्हा मी नववीला इंग्रजी शिकवत होतो. तेव्हापासून कशात म्हणून मन लागत नाही. धडा मध्येच सोडून खिडकीशी जातो, परत फळ्याशी येतो. मुलं एकमेकांकडे बघतात. बघू देत.

आक्का माझी थोरली बहीण. नवरा गेल्यावर खर्ड्याजवळच्या आमच्या गावी, आमच्या मधल्या भावाकडे राहायची. गावात गोधडी शिवावी तर तिनंच. दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला निघाली. मी सुट्टीत घरी होतो, पहिल्या दिवशी सोबत गेलो. साहेब ओरडला, "स्किल्ड तिकडे, बाकीचे इकडे!"

"स्किल्ड म्हंजी काय रं?" आक्कानं मला विचारलं.

"हातात कसब असलेला."

"मंग मी तिकडंच की!" आणि ती खुशाल पाथरवटांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. कसलं कसब, असं साहेबानं विचारल्यावर म्हणाली, "गोधडी शिवते." सगळी रांग हसली. आक्का खडीकडे परतली, पण तो शब्द काही तिच्या डोक्यातून जाईना. मला रागच यायचा... एवढं काय होतं त्या शब्दात?

दुपारी लोक भाकर खाऊन सावलीला पडत, तेव्हा ही म्हाताऱ्या भीमामामा पाथरवटाशेजारी बसून राही. एकदा त्यानं छिन्नी-हातोडा तिच्या हाती दिला. आक्का ओळीनं बारीक बारीक ठोके देत गेली, गोधडीला धावदोरा घालावा तशी. दगड ढिम्म. मामा म्हणाला, "आक्का, टाके नको घालू. घाव घाल!"

तिला त्या रांगेत घेण्याआधीच काम बंद झालं. तिनं एक दगड बैलगाडीतून घरी आणला आणि अंगणात तो पाथरवटासारखा सपाट घडवायला बसली. दिवाळीला गेलो तेव्हा तो अर्धा झाला होता. मी त्यावरून हात फिरवला. "आक्का, तू आता स्किल्..."

तिनं धुळीचा खरखरीत हात माझ्या तोंडावर ठेवला. "आत्ता न्हाई. पुरा हुंदे, मंग म्हन."

मग तिला ताप आला, आणि मागोमाग मला ती तार.

परवा गावी गेलो. दगड अजून अंगणात आहे. उरलेला आपणच घडवावा म्हणून छिन्नी उचलली, आणि ठेवून दिली. माझा हात त्यात कशाला? तेवढ्यात वहिनीनं घासलेला हंडा आणून दगडाच्या घडवलेल्या बाजूवर पालथा घातला.

"त्याच बाजूला का?"

"दुसरीकडं डुगडुगतो, भावजी. हितं हलत न्हाई बगा."

मी तिथंच, हंड्याशेजारी बसून, तो शब्द मोठ्यानं म्हटला. दगड पुरा व्हायची वाट बघणं माझ्यानं झालं नाही.