डोंगरात गेलेला भाऊ

मला मनातल्या मनात वाचता यायचं नाही. अजूनही नीट येत नाही. शाळा दुसरीतच सुटली, पुढचं वाचन मी वाण्याच्या पुड्यांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर आपलं आपण शिकले. अशी शिकलेली बाई मोठ्यानंच वाचते. शब्द कानावर पडला की मग तो कळतो.

लग्न झाल्यावर खोडाळ्याला बिऱ्हाड केलं. आमचे हे लांबच्या आश्रमशाळेत मास्तर. मुक्काम तिकडेच, शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी उजाडताना जायचे. मधले दिवस मी आणि माझी सारवलेली ओटी. शेजारणी चांगल्या होत्या, नाही म्हणत नाही. पण आपसात त्यांच्या बोलीत हसतखिदळत बोलायच्या, आणि मी जाऊन बसले की माझ्यासाठी म्हणून शाळेतल्यासारखं बोलायला लागायच्या. मग गप्पाच आटायच्या. थोड्या वेळानं मी उठून घरी यायची.

एकदा यांनी शाळेच्या वाचनपेटीतलं पुस्तक आणलं. "पोरांचं आहे, तुला सोपं जाईल," म्हणाले. पोरांचं कसलं हो. चौदा वर्षांची मुलगी स्वतःच सगळं सांगते. तिचा भाऊ डोंगराच्या पोटात गेलेला. आत एक नगर, तिथं कुणाच्या पायाशी सावली नाही, वेशीवरच काढून ठेवावी लागते, आणि तिथं राहिलेला माणूस घरच्यांना ओळखेनासा होतो. पहिल्या दिवशी भात करपल्याचा वास आला तेव्हा मी भानावर आले. दुसऱ्या दिवशी चुलीवर काही ठेवलंच नाही. त्या मुलीनं सावली काढून दिली, तेव्हा मी उन्हात उभी राहून माझी आहे ना ते बघून घेतलं. हसाल तुम्ही, पण खोडाळ्यात तोवर इतकं सुख मला कशानंच झालं नव्हतं.

अशीच एका दुपारी वाचत होते, तर अंगणातून "हूं" आला. लाकडं विकायला येणारी वारली बाई, माझ्याच वयाची, मोळी टेकवून उभी होती. त्यांच्यात गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्यानं हूं द्यायचा असतो, नाही दिला तर गोष्ट तिथंच थांबते. मी कुणाच्याही हूंशिवाय एकटीच सांगत बसलेली तिनं पाहिलं आणि तिला राहवलं नाही.

मग ती रोज येऊ लागली. मोळी विकून झाली की ओटीच्या कडेला बसायची. पुस्तक लवकर संपू नये म्हणून मी अगदी सावकाश वाचायची.

दिवाळीनंतर एकदा तिनं विचारलं, "मंग तुझा भाऊस दिवाळीला बी नाय आला?"

"माझा?"

"डोंगरात गेलाय ना? तूच तर सांगतेस रोज."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुस्तकात सगळं 'मी गेले, मी पाहिलं' असं. तिच्या गोष्टींत राजा असायचा, वाघ असायचा, 'मी' कधीच नसायची. 'मी' म्हणणारी बाई स्वतःचंच सांगणार, दुसरं काय?

"अगं, हे छापलेलं आहे. दुसरीच कुणी मुलगी आहे ती."

"मंग तुझा भाऊस कुठं हाय?"

माझा भाऊ ठाण्याला कारखान्यात होता. आई गेल्यापासून ना भाऊबीजेला आला, ना मला न्यायला. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. तेही नव्हतं. यातलं काही मला तिला सांगता येईना. मी नुसतं पुस्तकाचं पान उलटलं.

"बघ," ती म्हणाली. "वाच पुढं."

भात झोडून झाला तसे पाडे रिकामे व्हायला लागले. माणसं वीटभट्ट्यांवर जायला निघाली. शेवटचं प्रकरण मी राखून ठेवलं होतं, ते संपलं की ती कशाला येईल म्हणून. आणि एका सकाळी ती डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारात. मुकादमाचा ट्रक बाजारात उभा होता.

"भाऊस भेटला का, तेवढा सांग. ट्रक थांबाचा नाय."

"पुढचं वाचलंच नाही गं मी. तुझ्याशिवाय कशी वाचू?"

"वाचू नको. सांग. भेटला?"

"नाही," मी म्हटलं. "अजून नाही."

"आमची भट्टी ठाण्याकडंच हाय. विचारीन मी. नाव काय त्याचा?"

मी नाव सांगितलं. माझ्या भावाचं, खरं. कित्येक वर्षांत ते माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं नव्हतं. तिनं ते घोळवून घोळवून पाठ केलं.

"पण तो वळखल का तुला? तिथं गेलेला माणूस घरच्यांना वळखत नाय, तूच सांगतेस."

"तू सांग तर. म्हणावं, बहीण खोडाळ्याला असते."

"सांगते," म्हणाली, आणि पाटी सावरत बाजाराकडं पळाली.

त्या शनिवारी यांनी पुस्तक परत मागितलं. शाळेत पेटीची तपासणी होती म्हणे. मी म्हटलं, राहू द्या, अजून व्हायचंय.