अजिबात उकडत नाही

आपण पसंत केलेली वस्तू वाईट निघाली, असं आमच्या आतोबांनी उभ्या जन्मात एकदाही कबूल केलं नाही. प्रत्यक्ष ब्रह्मदेव समोर येऊन म्हणाला असता की, 'बाबा रे, तुझी छत्री गळतेय', तरी आतोबांनी त्याला 'छत्री नाही हो, पाऊस तिरका आहे' असं सांगून वाटेला लावलं असतं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. राहायला ठाण्यात वर्तकनगरला, नोकरी एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये. दिवसभर नट-बोल्ट पारखून घ्यायची सवय, ती घरी तोंडली-भेंडीपर्यंत पोचलेली. घेण्याआधी ते वस्तूचा जीव खायचे आणि घेतल्यावर तिच्यासाठी जीव द्यायचे. त्यांच्याकडचा सोफा-कम-बेड एका दिवाळीत पाहुण्यांसाठी उघडला, तो पुन्हा मिटलाच नाही. पुढची अकरा वर्षं विम्याच्या एजंटापासून सत्यनारायणाच्या गुरुजींपर्यंत आलेला प्रत्येक माणूस त्या पलंगावर मांडी घालून चहा प्यायला. "बैठक हीच आपली पद्धत," आतोबा सांगायचे. कुकरची शिट्टी व्हायची नाही, कारण तो 'शांत स्वभावाचा' होता. नव्या चपलांनी टाचा सोलल्या तरी लंगडत म्हणायचे, "चावत नाहीत गं, ओळख करून घेतायत." आत्याचं यावर एकच म्हणणं असायचं. "मलाही ह्यांनीच पसंत केलंय, म्हणून मी गप्प आहे."

अशा माणसाच्या हातात माझं नशीब सापडलं. नव्वदीची सुरुवात होती, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. नोटीस बोर्डावर एक कागद लागला. जानेवारीत मनालीजवळ पंधरा दिवसांचं स्कीइंगचं शिबिर, आमच्या कॉलेजमधून दोन मुली. त्या दोघींत माझं नाव आलं! तोवर मी कसारा घाटाच्या पलीकडे गेलेले नव्हते आणि बर्फ पाहिला होता तो रसाच्या गुऱ्हाळात, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की पोळ्या लाटतानाही मी गुडघे वाकवून उभी राहायचे आणि आई विचारायची, "पाय दुखतायत का गं?"

फॉर्मवर बाबांची सही हवी होती. आता, बाबांना 'नाही' म्हणता यायचं नाही. ते अट घालायचे. त्यांनी सामानाची यादी चष्मा वर करून वाचली आणि 'गरम जॅकेट' या शब्दांवर बोट ठेवलं. "पंधरा दिवस वापरायचं आणि मग जन्मभर त्याला डांबराच्या गोळ्या घालत बसायचं? ठाण्यात अंगावर घालता येईल असं जॅकेट आणा, मी लगेच सही करतो." एवढं बोलून ते पेपरमागे गेले. आई म्हणाली, "सरळ नाही म्हणा ना." ठाण्यात जॅकेट! जिथे भर थंडीत फार तर पंखा पाचवरून तीनवर येतो, तिथे! मला रडूच फुटलं. नेमके तेव्हा आतोबा आमच्याकडे पोहे खात बसलेले होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

"बर्फावरही चालेल आणि गावातही चालेल, असं हवं ना? मिळेल. वसंता, तू पेन शोधून ठेव," ते बाबांना म्हणाले.

पुढच्याच रविवारी मला घेऊन ते डोंबिवलीला गेले. एक्स्पोर्टचा उरलेला माल विकणारं एक दुकान त्यांच्या पाहण्यात होतं. दुकानदाराने पहिलं काढलं ते काळं रेक्झिनचं. हात हलवला की पापड मोडल्यासारखा आवाज. "हे घालून कीर्तनाला गेलीस तर बुवा निरूपण थांबवतील. बाद." दुसरं केशरी, गादीसारखं फुगलेलं. "बर्फात उत्तम. पण रिक्षात बसलीस की रिक्षावाला दोघींचे पैसे मागेल. बाद." तिसरं निघालं ते गडद निळं, हलकं, बाळाच्या दुपट्यासारखं मऊ. "काका, याला फ्लीस म्हणतात. लोकर नाही, पण लोकरीहून गरम. सगळा फॉरेनला जाणारा माल," दुकानदार म्हणाला. आतोबांनी ते उलटं केलं, चेन पन्नास वेळा वर-खाली केली, बाहीवर पेलाभर पाणी ओतून झटकून पाहिलं. मग स्वतःच अंगात चढवलं, कारण ते आणि मी साधारण एकाच मापाचे. दोन गिऱ्हाइकांच्या छत्र्या मागून घेतल्या, स्कीच्या काठ्यांसारखी दोन्ही हातांत एकेक धरली, गुडघे वाकवले आणि दुकानाच्या गुळगुळीत लादीवरून ते काउंटरपर्यंत घसरत गेले. गिऱ्हाइकं भिंतीला चिकटली. "वळताना काखेत ओढत नाही," त्यांनी जाहीर केलं. मी शर्टांच्या ढिगाआड तोंड लपवून उभी होते.

एवढ्यावर भागलं नाही. आतोबांना मासे देणारी एक मावशी बाळकुमची होती. दुसऱ्या दिवशी तिच्या पाटीसमोर उभं राहून त्यांनी जॅकेटातला उजवा हात कोपरापर्यंत बर्फाच्या खोक्यात खुपसला आणि डाव्या मनगटावरचं घड्याळ बघत बसले. मावशी बघतच राहिली. "दादा, तुला ताप आयलाय का रं? बरफ मावऱ्यासाठी हाय, मानसांसाठी नाय!" दहा मिनिटांनी हात बाहेर आला तेव्हा बोटं जांभळी झालेली. "कशी आहे थंडी?" मी विचारलं. "कसली थंडी?" आतोबा म्हणाले. फक्त त्या बाहीला बोंबलांचा वास लागला तो लागलाच. धुवायला मात्र त्यांनी सक्त मनाई केली. धुतलं की ऊब पातळ होते म्हणे.

बाबांनी जॅकेट पाहिलं, हुंगलं आणि हसले. "बर्फाचं ठीक आहे हो, पण ठाण्यात कोण घालणार हे?"

"मी," आतोबा म्हणाले. "उद्यापासून दसऱ्यापर्यंत."

उद्यापासून म्हणजे घटस्थापनेपासून. ऑक्टोबर महिना! अंगावरची मलमल नकोशी होते असे ते दिवस. आणि आमचे आतोबा गळ्यापर्यंत चेन लावून, निळं फ्लीस घालून दूध आणायला निघाले. त्याच वेशात कामाला गेले, भाजीला गेले, बारशाला जाऊन घुगऱ्या खाऊन आले. वर्तकनगरात बातमी पसरली. शेजारच्या काकू आत्याला हळूच विचारून गेल्या, "रिपोर्ट आले का ह्यांचे?" एका रिक्षावाल्याने मीटर टाकायच्या आधी सांगून टाकलं, "काका, हॉस्पिटलला जायचं तर आधी सांगा, गाडीत काय झालं तर लफडा माझ्यावर." पोरं मागून ओरडायची, "आजोबा, बर्फ पडला काय?" प्रत्येकाला एकच उत्तर. "अजिबात उकडत नाही." नाकाच्या शेंड्यावरून थेंब टपकायचा, तोही त्यांना दिसायचा नाही. मला आधी लाज वाटायची, मग हसू यायचं, आणि सहाव्या-सातव्या दिवशी भीती वाटायला लागली. मी म्हटलं, "आतोबा, राहू दे. नाही गेले तर नाही गेले." तर माझ्यावरच डाफरले, "चिमे, जॅकेट उत्तम आहे. उगाच त्याला नावं ठेवू नकोस."

नवमीला आम्ही सगळे टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला गेलो. मुंगीला शिरायला जागा नाही अशी गर्दी, वर मंडपाचे हजार दिवे. आतोबांचा चेहरा विटेसारखा लाल झालेला आणि हनुवटीवरून घामाची धारच लागलेली. रांग तसूभर पुढे सरकत नव्हती. बाबा दर मिनिटाला मागे वळून त्यांच्याकडे बघत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"भावोजी, काढा ते."

"का बरं?"

"अहो, चक्कर येऊन पडाल! मी सही करतो. आत्ता करतो, इथेच करतो. जाऊ दे तिला. पण तुम्ही आधी ते काढा."

मी फॉर्म पर्समध्ये घेऊनच फिरत होते. आईच्या पाठीवर कागद ठेवून बाबांनी रांगेतच सही केली. आतोबांनी ती नीट निरखून पाहिली. आणि जॅकेट? ते घरी जाईपर्यंत अंगावरच होतं. मधेच काढलं असतं तर 'उकडत होतं' असा अर्थ निघाला असता ना!

मनालीत पोचल्यावर पहिल्या तासातच एक गोष्ट कळली. ते जॅकेट बर्फातलं नव्हतं. म्हणजे ऊब होती, पण वारा सुटला की आरपार. मी उभी कमी नि आडवी जास्त होते, त्यामुळे दर वेळी पडले की ते ओलं व्हायचं. आमचे प्रशिक्षक म्हणाले, "बेटा, ये तो अंदर पहनने का है. ऊपर वाला कहाँ है?" वरचं कुठून आणणार? दात वाजवत मी पंधरा दिवस काढले, आणि तिथलं एक केसाळ कुत्रं बोंबलाच्या बाहीसाठी पंधराही दिवस माझ्या मागे घसरत होतं.

तिसऱ्या दिवशी बोटं बधिर झाली म्हणून मी आतल्या खिशात हात घातला. कागदाची पुडी हाताला लागली. बाहेर काढली तशी ती सुटली आणि पांढरी पूड उडून बर्फावर पडली. वास ओळखीचा होता. घामोळ्यांची पावडर! म्हणजे हा माणूस नऊ दिवस चारचौघांत 'अजिबात उकडत नाही' म्हणत होता आणि कुठल्यातरी जिन्याच्या वळणावर, कुणी बघत नाहीसं पाहून, गळ्याखाली पावडर चोपडत होता. मी खो-खो हसत सुटले. मैत्रीण धावत आली, तोवर माझं हसू रडण्यावर गेलं होतं. एवढं माझ्यासाठी कुणी केलेलं मला माहीत नव्हतं.

परत आले तेव्हा दारातच आतोबा उभे. कशी आहेस नाही, काय शिकलीस नाही. पहिला प्रश्न जॅकेटचा.

"थंडी वाजली?"

नाक लाल, घसा बसलेला. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "अजिबात नाही, आतोबा."

"बघ वसंता!" आतोबा गरजले. मला लागोपाठ चार शिंका आल्या. "धुळीच्या आहेत," ते म्हणाले. मागे उभ्या आत्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि चहा टाकायला आत गेली.

आतोबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. जॅकेट आहे, अजून एकदाही धुतलेलं नाही. घटस्थापनेच्या दिवशी मी ते कपाटातून काढते, अंगात घालते, चेन गळ्यापर्यंत ओढते आणि खाली जाऊन दूध घेऊन येते. परत येईस्तोवर पाठ भिजून चिंब झालेली असते. लेक दार उघडते आणि दरवर्षी तेच विचारते, "आई, उकडत नाही का गं?"

काय सांगायचं ते मला पाठ आहे.