न मांडलेलं गाऱ्हाणं

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी रोज वर्गात बसत होतो आणि माझी हजेरी मात्र लागत नव्हती. सर नंबर पुकारायचे. माझा नंबर आला, की 'प्रेझेंट सर' ओठांपर्यंत येईतो पुढचा नंबर गेलेला असायचा. दांडी मारणाऱ्यांची हजेरी त्यांचे मित्र आवाज बदलून लावायचे. मी समोर बसून गैरहजर. आज हसू येतं, तेव्हा रडू यायचं. शेवटी कचेरीतल्या कारकुनानं बोलावून सांगितलं, "वर्गात येत नाहीस. असंच चाललं तर टर्म मिळायची नाही." म्हणजे वर्ष फुकट. मी येतो हो, एवढंही मला त्याला सांगता आलं नाही.

पुनावळ्याहून मी झुंजुमुंजू व्हायच्या आत निघायचो. रावेतच्या खालच्या अंगाला पवना नदी पाण्यातून ओलांडायची, थंडीत पाय बधिर व्हायचे, तसंच चालत चिंचवड स्टेशन गाठायचं आणि पुण्याच्या गाडीत बसल्या बसल्या झोपायचं. पाय दुखायचे ते घरी आईनं तेल चोळलं की थांबायचे. पण दिवसभर कुणाशी एक शब्द न बोलता बसून राहण्याचा जो शीण असतो, त्याला कसलं तेल लावणार? इतका दमलो होतो, की पास-नापासाचीही फिकीर उरली नव्हती. हे सगळं सुटावं, एवढंच वाटायचं.

कॉलेज सोडायचं मी ठरवलं. पण ते वडिलांना, म्हणजे दादांना, सांगणार कोण? दादांनी सगळ्या पंचक्रोशीत माझं कौतुक सांगितलं होतं. तेव्हा मला युक्ती सुचली, की हे देवानंच सांगावं. आमच्या भैरवनाथाला कौल लावतात. ओल्या फुलकळ्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. उजवी पडली, की 'कॉलेज सोडू का' या प्रश्नाला देवाचाच होकार, आणि देवाच्या शब्दापुढे दादा जाणार नव्हते. खरं सांगायचं तर मी देवाकडे आधाराला नव्हे, सहीला गेलो होतो.

रविवारी सकाळी देवळात गुरव आणि एक बाई, दोघंच होते. पिंपरीकडे कारखान्यांची बांधकामं निघाली होती, तिथं काम मिळेल म्हणून मराठवाड्यातून आलेल्यांपैकी ती होती. नवऱ्याला अजून कुणी कामावर घेतलं नव्हतं, त्यासाठी कौल लावायला आली होती. गुरवानं आधी माझ्या कळ्या लावल्या आणि म्हणाला, "हं, घाल गाऱ्हाणं."

मी हात जोडले आणि मनातल्या मनात विचारलं.

"मनातलं चालत न्हाई लेका. त्वांडानं बोल. देवाला काय इचारायचं हाय?"

तोंड उघडलं, आवाज नाही. वर्गात व्हायचं तेच देवापुढे झालं. गुरव थांबला, पुन्हा म्हणाला, मग कंटाळून समईची वात सारखी करायला लागला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. देवाशीही ज्याला बोलता येत नाही, त्यानं जायचं कुठं, असं मनात आलं.

"कामून रडायलास, लेकरा?" बाईनं विचारलं. मी मान हलवली. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि पदर पसरून मूर्तीला म्हणाली, "देवा, ह्या लेकराला बोलता येईना. त्याचं काय असंल ते तूच बघ बाबा."

उजवी कळी पडली. पाणी सुकून पडली असेल, मी वाद घालत नाही. गुरव म्हणाला, "घेतलं देवानं." आणि माझी पंचाईत झाली. मी आणलेला प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. देवानं होकार दिला होता तो माझं बघण्याला, माझ्या कॉलेज सोडण्याला नव्हे. आता कॉलेज कुठल्या तोंडानं सोडायचं?

सोमवारी तसाच दमलेला वर्गात जाऊन बसलो. माझा नंबर पुकारला गेला, आवाज आला नाही, आणि सर पुढे गेले. तेवढ्यात माझ्या बाकावरचा मुलगा उठला. पिंपरीत त्याच्या वडिलांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. मुसलमानाचा मुलगा, माझ्याच गाडीनं यायचा, पण आम्ही कधी बोललो नव्हतो.

"सर, मागचा नंबर इथं बसलाय," तो म्हणाला. "रोज बसतो."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग आवाज काय गाडीत विसरून येतोस?" वर्ग हसला आणि माझी हजेरी लागली. तासानंतर त्या मुलानंच मला दंडाला धरून कचेरीत नेलं आणि कारकुनाला सगळं सांगितलं. मी नुसता उभा होतो. टर्म मिळाली.

माझा आवाज काही लगेच फुटला नाही. पुढे कितीतरी दिवस तोच माझ्यासाठी उठायचा. शीणही राहिला, पवनेचं पाणी काही माझ्यासाठी कोमट झालं नाही. पण आपल्या वतीनं दुसरं कुणी बोलावं आणि आपण लाज न बाळगता ते घ्यावं, हे मला जमू लागलं. सगळं आपणच पेलायचं असतं, या समजानं मी जास्त दमलो होतो. देवापुढची शरणागती म्हणतात ती मला एवढीच कळलीय.

टर्म मिळाल्यावर देवळात गेलो. त्या बाईचं पुढे काय झालं ते गुरवाला ठाऊक नव्हतं. ती माणसं राहायची पालं उचलून कुठंतरी पुढे गेली होती. मी मूर्तीपुढे उभा राहिलो आणि गुरवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "देवा, त्या बाईच्या मालकाला काम लागू दे."

"कळी लावू का?" गुरवानं विचारलं.

मी नको म्हटलं. उत्तर घ्यायला मी आलोच नव्हतो.