वेव्ह करून टाक

आईच्या उजव्या हाताचा पंजा कापसाच्या जिनिंगच्या मशीनने खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुनीम तिच्या डाव्या हाताचा अंगठा मागायला आला.

राळेगावच्या दवाखान्यातली खाट. आई अर्धवट शुद्धीत. मुनीमच्या एका हातात शाईची डबी, दुसऱ्या हातात इंग्रजी कागद. मला म्हणाला, "तू शिकली हायेस ना? मंग सांग मायले समजावून. वेव्ह करून टाक म्हना."

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. कागद वाचला. अपघात आईच्या निष्काळजीपणाने झाला आणि ती आपले सगळे हक्क आपणहून वेव्ह करते, म्हणजे सोडते, असं लिहिलेलं. भरपाईचा हक्क, औषधपाण्याचा हक्क, कोर्टात जायचासुद्धा. मराठीत सांगायची वेळ आली असती तर मुनीमचीही जीभ अडखळली असती. इंग्रजीत म्हटलं की कप विसळून ठेवल्यासारखं सोपं होतं.

निष्काळजीपणा म्हणे! कापूस अडकला तेव्हा आईने मशीन बंद करा म्हटलं होतं. बंद करायची नाही, हातानं काढ, असं हाच मुनीम ओरडला. तिने काढला. रोलरने आधी बोटं ओढली, मग पंजा. कॉलेजला सुट्ट्या होत्या म्हणून मी शेजारच्याच मशीनवर होते. मी तिला मागे ओढत होते, मशीन आत ओढत होती. रुई लाल झाली. मुनीमने आधी ती लाल रुई बाजूला काढायला लावली, बाकीचा माल खराब होईल म्हणून. मग गाडी बोलावली.

हे सगळं डोळ्यांनी पाहूनही मी काय केलं? घाबरले. अंगठा दिला नाही तर आजपासून दवाखाना बंद आणि दोघींचं काम बंद, असं त्याने आल्या आल्या बजावलं होतं. मी आईचा डावा हात धरला. तिचा अंगठा माझ्या हाताने शाईवर दाबला. कागदावर उठवायचा तेवढा बाकी होता. हे मी लपवत नाही. लाज वाटते, आजही वाटते.

मुनीम खूश झाला. हसत म्हणाला, "तुमच्या लोकाइले काय अवघड हाय? देव सोडले, धर्म सोडला. हक्क सोडायले काय होते?"

आईच्या आज्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर घरातले देव टोपल्यात घालून नाल्यात सोडले होते. गावाने पाणी तोडलं, भर रस्त्यात त्याला काठ्यांनी फोडलं. त्याने देव परत आणले नाहीत. आमच्या घरात लेकरू बोलायला लागलं की ही गोष्ट ऐकतं.

आईने डोळे उघडले. शाई लागलेला अंगठा आत घेऊन मूठ मिटली.

"देव आमी सोडले," ती म्हणाली. "आमच्या मनानं सोडले. कोनी आमचा हात धरला नवता."

मुनीम तिची मूठ उघडायला लागला. एकेक बोट पिरगाळून. त्याचं कोपर तिच्या बांधलेल्या हातावर पडलं. आई किंचाळली. मशीनमध्ये हात असतानाही ती तशी किंचाळली नव्हती.

मी खाटेजवळचं लोखंडी स्टूल उचललं आणि त्याच्या मनगटावर घातलं. त्याने वळून माझ्या कानाखाली मारली. माझा ओठ फाटला. मी पुन्हा घातलं. तो खाली बसला तेव्हा तिसऱ्यांदा घातलं. कागद उचलून मी ओढणीत बांधला. फाडला नाही, तो पुरावा आहे.

आता आमचा भरपाईचा दावा चालू आहे आणि माझ्यावर मारहाणीचा गुन्हा. परवा मुनीमचा माणूस घरी येऊन गेला. तुम्ही दावा सोडा, आम्ही तक्रार सोडतो, पोरीचं शिक्षण वाया कशाला घालवता, म्हणाला. आईने माझ्याकडे पाहिलं. निर्णय तिने माझ्यावर सोपवला.

नोकरीच्या अर्जात विचारतील, गुन्हा दाखल आहे का? मी हो लिहीन. कोर्टात विचारतील, स्टूल मारलं का? मारलं म्हणेन. तीनदा मारलं. दावा सोडणार नाही.