बुरोंडीचे सोडे आणि माझा विकलेला डोंगर

माझी नात मधुरा गावोगाव कार्बनचं समजावत फिरते. फोन करून म्हणाली, "आजी, बुरोंडीला चल. लोकांसमोर तुला उभं करायचंय." मी चौथी नापास, मला काय उभं करणार? पण पंचाहत्तरीपुढे एसटी फुकट. ती न्यायला आली, दोघी निघालो.

आमच्या अलोऱ्याहून सकाळची चिपळूण गाडी, तिथून धोपावे, फेरीबोटीने खाडी ओलांडून दाभोळ, पुढे रिक्षा. जाणार असाल तर आधारकार्ड जवळ ठेवा आणि फेरीवर सावलीची बाजू धरा.

"भाड्याची गाडी केली असतीस तर?" मी म्हटलं.

"दोघींसाठी अख्खी गाडी कशाला पळवायची?"

"मुंबईत एसी लावून झोपायचं आणि इथे म्हातारीची हाडं खिळखिळी करायची!"

ती हसली. मग समजावलं. आपण जाळतो, फिरतो, खातो, विकत घेतो, त्यापायी किती धूर हवेत जातो त्याचा माग काढायचा. तो आधी कमी करायचा. उरेल तेवढा परत शोषला जाईल अशी सोय केली की कार्बन न्यूट्रल. झाडं शोषतात, पण सावकाश.

फेरीवर पुढ्यातच लाकडाने भरलेला ट्रक. मधुरा म्हणाली, "कुणीतरी डोंगर विकला बघ."

मी खाडीकडे तोंड फिरवलं. गेल्या थंडीत मीही विकला होता. आमच्या डोंगरावरची ऐन, किंजळ, सगळी झाडं. भाताचा वाफा भाजायला, भाजावळीला, फांद्यांचं टहाळ तोडायचं, बुंध्याला कोयती लावायची नाही, ही सासूची शिस्त मी पन्नास वर्षं पाळली. पण आता टहाळ उतरवायला माणूस मिळत नाही. ठेकेदार म्हणाला, मीच तोडतो, मीच नेतो. लाकूड कुठल्याशा बॉयलरात गेलं, माझ्या अंगणाला फरशी आली. फरशी तिच्या बापाने घातली, असं मधुराला वाटतं.

बुरोंडीच्या शाळेत तिने मला उभं केलं. "ही माझी आजी. गाडी नाही, एसी नाही, वर डोंगरभर झाडं राखलीत!" टाळ्या वाजल्या. तोंड उघडायची तीच वेळ होती. मी नमस्कार केला.

जेवण गावातल्या सुगंधाकडे, तिच्या नवऱ्याची होडी आहे. तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं तिखलं, असं की डोळ्यांतून पाणी. निघताना तिने सोड्यांची, सुकवलेल्या कोळंबीची, पुडी हातात कोंबली.

"हे कशाला गो?"

"आमच्या होडीला डिझेल लागतंच, आजी. तुमच्यातलं एक झाड आमच्या होडीच्या नावाचं धरा."

मी पुडी घेतली. परतीचा सगळा रस्ता तिचा वास येत होता, आणि मी मधुराला सांगत होते की ऊन लागलंय.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "चल, होडीचं झाड दाखव." मी पुढे चालले. वर नुसते बुंधे.

ती एका बुंध्यावर टेकली. मग म्हणाली, "आणि फेरीवर मी बोलत होते, तेव्हा?"

"ऐकत होते."

शाळेतला माझा फोटो तिने आधीच नेटवर लावला होता. काढ म्हटलं. म्हणाली, "राहू दे. खाली खरं काय ते तू लिही." म्हणून हे लिहिलं.

बुंध्यांना धुमारे फुटलेत. एक किंजळाचा सुगंधाच्या होडीसाठी धरलाय, गुरं लागू नयेत म्हणून काटी घातलीय. फोनवर सुगंधाला सगळं सांगितलं. म्हणाली, "मग सोडे खाल्लेत की नाय?"

नाही. डब्यात आहेत. झाड होईस्तोवर टिकायचे नाहीत ते, आणि मीही.