पिकावर नका बोलू, फोटोवर बोला

ओतूरला एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि फोटोप्रिंटचं दुकान आहे. रविवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढलं, की आतल्या टेबलाभोवती आम्ही पाच-सहा फोटोवेडे जमतो. प्रत्येकाचा एक फोटो मी मोठा छापून ठेवते. ज्याचा फोटो, त्यानं तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी काय आवडलं आणि काय खटकलं ते सांगायचं.

नियम चांगला आहे, माणसं बेकार आहेत. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाला फोटोत शेत दिसलं, की त्याला फोटो दिसायचाच बंद होतो.

याचा सगळ्यात जास्त मार बसला तो आंबेगावकडून येणाऱ्या टोमॅटोवाल्या भाऊंना. बिचारे मोबाइलवर स्वतःच्या शेताचेच फोटो काढायचे आणि दर वेळी औषधाचं नाव ऐकून घरी जायचे. त्या रविवारी ते सगळ्यांच्या आधी आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "ताई, आज शेवटचं. आजबी कुणी फोटोवर बोललं न्हाई, तर मी येणं बंद करतो. फवारणीचं तर गावातबी सांगत्यात."

आणि नेमका त्या दिवशीचा फोटो मी छापतानाच पाहिला होता. टोमॅटोच्या दोन ओळींमध्ये त्यांची बायको उभी. दातांत सुतळी, दोन्ही हात वर, वेल तारेला बांधतेय. मागून कोवळं ऊन. प्रिंटरमधून कागद बाहेर आला तेव्हा मी दुकानात एकटीच असूनही "आई गं" म्हणाले होते.

मंडळी जमली. मी फोटो टेबलावर ठेवला. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर वाकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "पानावर नागअळी दिसती, राव."

जुन्नरचे बांगडीवाले चाचा, ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी टोमॅटो लावला नाही, ते म्हणाले, "बांबू बी लई लांब लांब लावल्यात."

भाऊ खाली बघत होते. माझं डोकंच सरकलं. मी फोटो उचलला आणि म्हणाले, "पिकावर नका बोलू, फोटोवर बोला! कृषी केंद्र आहे का हे?" आणि रागाच्या भरात तो टेबलावर आपटला.

तो पडला उलटा. बाईचे पाय वर, डोकं खाली. ड्रायव्हरनी सरळ करायला हात पुढं केला, तो मी मनगटाशी धरला. "राहू दे तसाच. आता बघा."

उलट्या फोटोत कुणाला कीड शोधता येईना. चाचा हळूच म्हणाले, "सगळ्या तारा तिच्या हाताकडं चालल्यात की." ड्रायव्हर म्हणाले, "आन् ऊन बघा, नुसतं कानाच्या कडंला लागलंय." मग काय, एकाचं बोलणं दुसरा तोडायला लागला. सुतळीचं टोक उडतंय ते झकास, उजवीकडचं पिंप कशाला घेतलं, मागचा बांबू नेमका बाईच्या डोक्यातनं उगवलाय, अर्धं पाऊल डावीकडं सरकायला काय झालं व्हतं? मी तर आनंदानं टेबलच बडवत होते. इतकी मनापासून चिरफाड आमच्याकडं आजवर कुणाच्याच फोटोची झाली नव्हती.

भाऊंचे कान लाल झाले होते. मला वाटलं, जास्तच झालं, गेला आता हा माणूस. सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि तिथंच बायकोला फोन लावला.

"उद्या सकाळी परत हुबी राहशील का? त्याच ओळीत."

तिचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "का? नाय आवडला व्हय त्यांना?"

भाऊंनी आमच्याकडं एकदा पाहिलं.

"लई चुका काढल्या," ते म्हणाले. "पण बघितला गं. सगळ्यांनी बघितला."